अर्दित, पुनरावर्ती

चेहऱ्याच्या एका बाजूची हालचाल अकस्मात् बंद पाडणारा, निश्चित कारण तपासात न सापडणारा आणि बरा झाल्यावर काही महिन्यांनी वा वर्षांनी पुनश्च उद्भवणारा विकार. लोकव्यवहारात ‘तोंड वाकडे होणे’ या नावाने तो परिचित आहे. आयुर्वेद अर्दिताची गणना वातव्याधींत करतो. पाश्चात्त्य वैद्यकात सर चार्ल्स बेल (१७७४–१८४२) या स्कॉटिश शारीरशास्त्रज्ञाच्या नावावरून त्यास ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात.

चेहऱ्याच्या स्नायूंवर जिचा अंमल चालतो ती सातवी मस्तिष्क-तंत्रिका शंखास्थीतील अरुंद नलिकेतून जात असल्यामुळे, तिला सूज आली असता फुगण्यास जागा उरत नाही व ती दाबली जाते. या सुजेच्या मुळाशी हर्पीज सिम्प्लेक्स हा विषाणू असावा, असा प्रबळ संशय आहे. मेंदूतील रक्तस्राव वा गुठळी यांमुळे येणाऱ्या पक्षाघातात कपाळाच्या आठ्या बहुधा शाबूत राहतात. अर्दितात त्याही पुसल्या जातात. तथापि हा निवाडा रुग्णाने आरशापुढे करावयाचा नसून वैद्याने करावयाचा आहे, कारण पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन सुरू करणे हितावह असते. स्कॉटलंडमधील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण तीन महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के.

सुमारे ७ टक्के रुग्णांत हा विकार त्याच किंवा दुसऱ्या बाजूस पुन्हा होतो. त्याच बाजूस तो वारंवार होऊ लागल्यास ‘मागचेच दुखणे’ म्हणून दिरंगाई करणे धोक्याचे असते. तंत्रिकेवरील अर्बुदाची शक्यता प्रतिमाचित्रणाने निकालात काढावी लागते, तर ओठांची सूज व जिभेवरील खोल भेगा सोबत असल्यास मेल्कर्सन-रोझेन्थाल लक्षणसमूहाचा विचार करावा लागतो.

ज्याने हा प्रसंग एकदा भोगला आहे, त्यास कानामागील साधी कळही पुढील झटक्याची वर्दी वाटते, आणि ही धास्ती, चेहरा पूर्ववत् झाल्यावरही, मनातून सहसा जात नाही. झटक्याच्या काळात पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळते, घास गालात अडकून राहतो, प-वर्गातील अक्षरे फुटतात, जिभेच्या पुढील भागाची चव मंदावते व त्या बाजूच्या कानास साधे आवाजही असह्य होतात. या सर्वांहून अधिक जपावयाचा तो डोळा: पापणी मिटत नसल्यामुळे बुबुळावरील पारदर्शक पडदा कोरडा पडून त्यावर व्रण होऊ शकतो, म्हणून दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब व रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने मिटविणे, एवढी खबरदारी अपरिहार्य ठरते.

प्रत्येक झटक्यात तंत्रिकेचे तंतू कितपत जायबंदी होतात यावर पुढील सर्व अवलंबून असते. नवे तंतू चुकीच्या स्नायूंत वा अश्रुग्रंथीत शिरल्यास हसताना डोळा मिटतो व जेवताना अश्रू वाहतात. जीवितास धोका नाही एवढ्यावरून या अवस्थेस किरकोळ लेखण्याची वैद्यकातील प्रवृत्ती अन्यायाची आहे; कारण ज्याचे हास्यच विस्कटले आहे त्याचा आनंद समोरच्यास तिरस्कारासारखा भासतो, आणि तो माणूस हळूहळू छायाचित्रे, समारंभ व नवे परिचय टाळू लागतो. आरशासमोर केलेले संथ, नेमके व्यायाम आणि आवश्यक तेथे बोट्युलिनम विषाची सूक्ष्म मात्रा यांनी हा अनिष्ट जोड पुष्कळ सैल होतो. प्रत्येक झटक्याची तारीख, बाजू व बरे होण्यास लागलेली मुदत यांचे टिपण रुग्णाने जवळ बाळगावे. नव्या वैद्यास तपासाची दिशा ठरविताना ते उपयोगी पडते.