रिव्हर्ब व डिले (गायन ध्वनिमुद्रणातील)

कोरड्या मुद्रित आवाजाभोवती जागेचा भास निर्माण करणारे दोन परिणाम. रिव्हर्ब म्हणजे भिंतींवरून परतणाऱ्या असंख्य लहरींचा मिसळून गेलेला घुमारा, तर डिले म्हणजे सुटा ऐकू येणारा पडसाद. देवळाच्या गाभाऱ्यात पहिला अनुभवता येतो, डोंगरकड्यासमोर हाक मारली की दुसरा.

१९४७ मध्ये अमेरिकन ध्वनिमुद्रक बिल पुटनम यांनी हार्मोनिकॅट्स या वाद्यत्रयीच्या ध्वनिमुद्रिकेसाठी स्टुडिओतील न्हाणीघर घुमाऱ्याची खोली म्हणून वापरले. मेंफिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी एल्व्हिस प्रेस्लीच्या आवाजाला टेपयंत्राने एकच चटकन येणारा पडसाद जोडला. १९५७ च्या ‘ईएमटी १४०’ या जर्मन यंत्रात सुमारे दोन चौरस मीटरचा पोलादी पत्रा टांगलेला असे. तो थरथरून घुमारा देई. पॉप गायनाला आजही हाच ‘प्लेट’ नाद सर्वाधिक मानवतो. संगणकावर त्याच्या नकला मिळतात, आणि पत्रा उचलावा लागत नाही!

आवाज प्रशस्त वाटावा, पण शब्द बुडू नयेत, हीच खरी कसोटी. त्यासाठी मूळ स्वर व घुमारा यांत २० ते ६० मिलिसेकंदांचे अंतर (प्रीडिले) ठेवतात आणि घुमाऱ्यातील खर्ज छाटतात. डिले लयीला बांधतात : मिनिटाला १२० ठोके असल्यास एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. गाताना पडसाद दाबून ओळ संपताच वर आणणे, याला ‘डकिंग’ म्हणतात.