पापणीवरील शस्त्रक्रिया : उपचार व सौंदर्य यांच्या सीमारेषेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. येथे रेणुकामातेची पूजा केवळ मुखाच्या रूपात होते. माणसाची सामाजिक ओळखही प्रामुख्याने मुखावरूनच ठरते. त्यामुळे चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेचा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही. पापणीची शस्त्रक्रिया करून घेऊ पाहणाऱ्यास ‘हा उपचार की हौस?’ असे विचारले जाते. हा भेद इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे येथे पाहावयाचे आहे.

प्राचीन आधार

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, १६व्या अध्यायात, पापणीचे केस आत वळून डोळ्यास टोचणाऱ्या ‘पक्ष्मकोप’ या विकारावरील शस्त्रकर्म आले आहे. भुवईखालील दोन भाग व केसांलगतचा एक भाग सोडून यवाच्या आकाराची त्वचा काढावी आणि केसाने टाके घालावेत, असा हा विधी आहे. खुपऱ्यांमुळे असा विकार जडत असे. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले. सुश्रुतांचा हेतू नेत्ररक्षणाचा होता. मात्र वरच्या पापणीची त्वचा मोजून काढण्याचे तत्त्व आजच्या सौंदर्यशस्त्रक्रियेतही आढळते.

पुणे ते युरोप

१७९२च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी या मराठा गाडीवानाचे नाक व एक हात टिपूच्या सैनिकांनी कापले. पुण्याजवळील वीटकाम करणाऱ्या जातीतील एका वैद्याने कपाळाच्या त्वचेपासून त्याचे नाक घडविले. ऑक्टोबर १७९४च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तांत छापला गेला. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. नाक कापणे ही मानखंडना होती. तेव्हा कावसजीला परत मिळालेली गोष्ट प्रतिष्ठाही होती. १८१८ मध्ये जर्मन शल्यविशारद फॉन ग्रेफे यांनी ‘ब्लेफरोप्लास्टी’ हा शब्द पापणीच्या पुनर्रचनेसाठी योजिला. पुढे तोच सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी रूढ झाला. जपानमध्ये १८९६ मध्ये मिकामो यांनी वर्णिलेल्या शस्त्रक्रियेत एका पापणीला दुसरीसारखी घडी दिली होती. तिला दुरुस्ती म्हणावे की सौंदर्यवर्धन, हे ठरविणे कठीण आहे.

समारोप

उपचार व सौंदर्य यांतील रेषा अशी सरकती राहिली आहे. सैल त्वचा नजरेआड येत असेल तर दृष्टीचा प्रश्न उद्भवतो. तसे नसेल तरी स्वतःच्या चेहऱ्याविषयीची इच्छा हीन ठरत नाही. खरी मर्यादा मापाची आहे. त्वचा प्रमाणाबाहेर काढल्यास डोळा पुरता मिटत नाही, तो कोरडा पडतो व बुबुळास इजा होते. म्हणून निर्णय घेणाऱ्याने लोकांच्या टीकेपेक्षा या धोक्याचा विचार आधी करावा. यवाचे माप सांगणाऱ्या प्राचीन शल्यतंत्रातही प्रमाणाचे हेच भान दिसते.