नेम हुकतो तो मनगटात

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी २८ जुलै २०२४ रोजी शातोरू येथे झाली. मनू भाकरने ब्राँझपदक पटकावले. मात्र रौप्यपदकाची लढत हुकली ती अवघ्या ०.१ गुणाने. ती बाहेर पडली तेव्हा तिचे गुण होते २२१.७, तर कोरियाच्या किम येजीचे २२१.८. या प्रकाराच्या लक्ष्यावर ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर अंतर. एवढ्याशा फरकावर पदकाचा रंग ठरत असेल, तर नेमबाजाचे सारे लक्ष तंत्रावर का असते, हे वेगळे सांगायला नको.

पिस्तूल हा नेमबाजीतील अवघड प्रकार मानला जातो. रायफलला खांद्याचा आधार मिळतो. पिस्तूल मात्र एकाच हाताने, तेही हात पूर्ण लांब करून, कोणत्याही आधाराविना धरावे लागते. मनगटाला आधार देणारे काहीही वापरण्यास नियमांची मनाई आहे. त्यामुळे हात हलणारच. अव्वल नेमबाजांचाही हलतो, फक्त कमी हलतो. नवशिक्याची पहिली चूक येथेच होते. हात स्थिर होण्याची तो वाट पाहतो आणि साईट दहाच्या वर्तुळाखाली आल्यासारखी वाटताच झटक्याने चाप ओढतो. त्या झटक्याने नळीचे तोंड वळते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या गोळ्या वारंवार डावीकडे खाली लागत असतील, तर दोष बहुधा पिस्तुलाचा नसून या झटक्याचा असतो.

यामागचे गणित समजून घेण्याजोगे आहे. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, तर छऱ्याचा ४.५ मिलिमीटर. पिस्तूल सरळ राहून संपूर्ण हातच ५ मिलिमीटर बाजूला सरकला, तर छराही तेवढाच सरकतो आणि गुण दहाच मिळतात. परंतु मनगट किंचित वळून पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत केवळ १ मिलिमीटर बाजूला गेली, तर चित्र पालटते. दोन्ही साईटमधील अंतर साधारण ३४ सेंटीमीटर धरल्यास १० मीटरवर ती चूक सुमारे २९ मिलिमीटरची होते. दहाचे थेट सात होतात. म्हणूनच लक्ष्याच्या तुलनेत हात किती हलतो यापेक्षा दोन्ही साईट एकमेकींशी किती जुळलेल्या आहेत, याला अधिक महत्त्व आहे.

डोळ्यांची शिस्त यातूनच येते. मागची साईट, पुढची साईट आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसणे डोळ्याला शक्य नसते. नजर पुढच्या साईटवर रोखावी. लक्ष्याचा काळा गोल धूसर दिसला तरी चालेल. हे ऐकायला सोपे, आचरायला कठीण. गोळी कोठे लागते हे पाहण्याचा मोह अनावर असतो आणि नजर लक्ष्याकडे धावली की साईटची जुळणी बिघडते. बहुतेक पिस्तूल नेमबाज काळ्या गोलाच्या मध्यावर नव्हे, तर त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात नेम धरतात. पांढऱ्यावर काळी साईट ठळक दिसते.

चाप दाबताना फक्त तर्जनी हलावी आणि दाब सरळ मागे यावा. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा, असा नियम आहे. २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूलसाठी ही मर्यादा १००० ग्रॅम आहे. दाब हळूहळू वाढवत न्यावा, हाताचे हलणे मान्य करून. बार उडाल्यावरही क्षणभर नजर व हात तसेच ठेवावेत. नेम धरून बराच वेळ झाला, श्वास अडखळू लागला, तर हात खाली घेऊन पुन्हा सुरुवात करावी. हात खाली घेण्यास जो लाजतो, त्याचे गुण जातात. ६० गोळ्यांसाठी ७५ मिनिटे असतात. घाईचे कारण नाही.

उभे राहण्याची पद्धत तपासण्याची युक्ती जुनीच आहे. नेम धरून डोळे मिटावेत, थोड्या वेळाने उघडावेत. पिस्तूल लक्ष्याच्या एका बाजूला गेले असेल, तर हात न वळवता पावले हलवावीत.

२५ मीटर पिस्तूलच्या जलद टप्प्यात ही मोकळीक नसते. हात खाली ४५ अंशांत ठेवून थांबायचे आणि लक्ष्य उघडताच तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी झाडायची. येथे चापावरचा पहिला दाब हात वर येतानाच घेतला जातो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात, तेही बरोबरी झाल्यावर शूटऑफमध्ये.

यातील बराचसा सराव गोळीविना होतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर फक्त साईट पाहत चाप दाबायचा. लक्ष्यच नसल्याने नजर भरकटत नाही. बार सुटताना साईट हलली का, हे तेथे लगेच कळते. अर्थात पिस्तूल रिकामे असल्याची खात्री आधी स्वतः करावी, नळीचे तोंड कोणाकडेही वळू देऊ नये आणि सुरुवातीचे धडे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रेंजवरच घ्यावेत.