इंग्रजी : जन्माने मिळालेली आणि अभ्यासाने मिळवलेली



इंग्रजांना येते तशी इंग्रजी आपल्याला येणे शक्य आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे शतकाहून अधिक काळ विचारला जात आहे. या प्रश्नापायी कित्येक हुशार मुले भर सभेत तोंड मिटून बसतात. म्हणून तो एकदा इतिहासाच्या उजेडात पाहणे बरे.

प्रथम इंग्रज म्हणजे कोण ते पाहू. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या भागातील असई येथे आर्थर वेलस्ली याने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी लढाई दिली. त्याच्या सैन्यात बहुसंख्य शिपाई मद्रासकडचे होते. आणि गोऱ्या पायदळाच्या ज्या दोन पलटणी होत्या, त्या ७४वी आणि ७८वी, दोन्ही स्कॉटलंडच्या. ७८व्या पलटणीतील कित्येकांची मायबोली इंग्रजी नव्हे, तर गेलिक होती. म्हणजे आपल्या शिवारात ज्यांना लोकांनी सरसकट इंग्रज म्हटले, त्यांतील अनेकांनी इंग्रजी ही परभाषा म्हणूनच आत्मसात केली होती. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमसारख्या थोर स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने आपल्या लेखनात स्कॉटिश वळणाचे शब्द येऊ नयेत म्हणून अशा शब्दांची यादीच केली होती. लंडनवाले हसतील ही भीती केवळ आपल्यालाच होती असे नव्हे.

तरीही मायबोलीवाल्याजवळ एक धन असते, हे मान्य केले पाहिजे. ती वही, तो कागद, ते पुस्तक, हे लिंगभेद आपल्या पोराला कोणी शिकवले? कोणीच नाही. साहेब मात्र दहा वर्षे मराठी शिकूनही त्यात अडखळतो. तसेच इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ यांपाशी आपण अडखळतो, कारण मराठीत तशी सोयच नाही. हा कानाचा संस्कार आहे, बुद्धीचा नव्हे. पण तो संस्कार बोलणे देतो. मुद्दा मांडणे देत नाही. लिंगभेद न चुकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला धड अर्ज लिहिता येतो काय?

आता ज्यांनी इंग्रजी कष्टाने मिळवली त्यांच्याकडे पाहू. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत चार गोष्टी ऐकवण्याची ही आपली पहिली मोठी खटपट. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले. त्यांचे धाकटे बंधू श्रीपत यांना स्वधर्मात परत घ्यावे, या बाजूने याच बाळशास्त्रींनी वाद केला. पुढे नारायण शेषाद्रींनी आपल्या जालन्याला कार्यक्षेत्र केले आणि जवळच बेथेल ही वसाहत वसवली. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत ते डोक्यावर पागोटे ठेवून इंग्रजीत बोलले. त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो. जालन्याचा एक माणूस इतक्या लांब जाऊन त्या सभेपुढे उभा राहिला, ही गोष्ट आपल्या गावाने विसरू नये.

तिसरे उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते लंडनला गेले, तेव्हा ते तिशीचे होते. हिंदुस्थानच्या जमाखर्चावर उलटतपासणी झाली, तीही साहेबांच्या भाषेत आणि साहेबांच्या घरी. तेथे उच्चार कामाचा नव्हता. आकडा कामाचा होता, आणि तो ज्या वाक्यात बसवायचा ते वाक्य नेमके असणे कामाचे होते. न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या अभ्यासाचे पाठबळ त्यांच्यामागे होते.

आपल्या भागाची गोष्ट आणखी निराळी. १९४८पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होई आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय असे. तेथे जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलाला घरी मराठी, वर्गात उर्दू आणि मग तिसऱ्या पायरीवर इंग्रजी. पुण्यामुंबईच्या मुलाच्या मानाने त्याला एक ओझे अधिक. त्याची इंग्रजी पुस्तकी वाटली तर नवल नाही. ओझे न मोजता चाल मोजणे हा न्याय नव्हे.

यावरून दोन गोष्टी निघतात. इंग्रजी बोलताना चुकणाऱ्याला हसणे हा करंटेपणा आहे, आणि हसणारा बहुधा इंग्रज नसतो, आपलाच असतो. दुसरी गोष्ट, ‘आपली मायबोली नाही’ म्हणून ढिसाळ लिहिणे हाही आळसच. बाळशास्त्री आणि गोखले यांनी ती सबब कधी सांगितली नाही. भाषा कोणाच्या घरी जन्मली हे पाहण्यापेक्षा, तिच्यातून आपले म्हणणे समोरच्याला बिनचूक पोचले की नाही, हे पाहावे. ही कसोटी इंग्रजाला लावावी, आपल्याला लावावी, आणि आपल्या मराठीलाही लावावी.