कुपवाडचे व्याकरण : सांगलीच्या एका गावाने भाषाशास्त्रज्ञांना काय शिकवले?

१/ कवठे महांकाळ, मिरज, जत. सांगली जिल्ह्याच्या या पट्ट्यात मराठी आणि कानडी शतकानुशतके शेजारपणाने नांदत आल्या आहेत. याच जिल्ह्यातील कुपवाडचे नाव जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. ते मात्र त्याला ‘कुपवार’ म्हणतात. एका प्रश्नाने या गावाला ही कीर्ती मिळवून दिली.

२/ मराठी आणि उर्दू या आर्यकुलातील, तर कानडी आणि तेलुगू द्राविडकुलातील भाषा. कुळे भिन्न असूनही त्यांच्या रचनेत इतके साम्य कसे? १९५६ मध्ये बर्कली येथील मरे एमेनो यांनी भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे, असे प्रतिपादन केले. परंतु हे साम्य रोजच्या बोलण्यात घडते कसे, हे पाहायचे तर एखाद्या गावातच जायला हवे होते.

३/ एमेनो यांच्याच विद्यापीठातील जॉन गम्पर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासह कुपवाडचा अभ्यास केला. लोकवस्ती सुमारे ३,०००. जैन व लिंगायतांच्या घरी कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलितांच्या घरी मराठी, दोर वळणाऱ्यांच्या घरी तेलुगू.

४/ प्रमाण मराठीत नदी स्त्रीलिंगी, डोंगर पुल्लिंगी. कुपवाडच्या मराठीत मात्र माणसे वगळता इतर नामे नपुंसकलिंगी वापरली जात. ही रीत कानडीची.

५/ देवघेव दुतर्फा होती. कानडीत ‘हे तुमचे घर’ एवढ्यावर वाक्य पुरे होते. कुपवाडच्या कानडीने त्याला मराठीप्रमाणे ‘आहे’ जोडले. शब्द ज्याचे त्याचे राहिले, रचना जवळजवळ एक झाली. एका भाषेतील वाक्य शब्दामागे शब्द ठेवून दुसरीत नेता येई.

६/ असे का झाले? घराबाहेर अनेकांना दिवसभरात दोन-तीन भाषा बोलाव्या लागत. घरात मात्र प्रत्येक समाज आपली भाषा जपे. वेगळेपण शब्दांनी राखले आणि व्यवहाराची सोय व्याकरणाने केली, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

७/ १९६८ मध्ये जमैकातील मोना येथे मिश्रभाषांच्या अभ्यासकांची परिषद भरली. मळ्यांवरील गुलामगिरीतून जन्मलेल्या कॅरिबियन भाषा हा तेथील मोठा विषय. त्या परिषदेतून साकारलेल्या, डेल हाइम्स संपादित ग्रंथात १९७१ मध्ये कुपवाडवरील निबंध प्रसिद्ध झाला. भाषांची अशी सरमिसळ स्थिर शेतकरी गावातही संथपणे घडू शकते, हे त्याने दाखवले.

८/ पुढे गावच बदलले. औद्योगिक वसाहत आली. १९९८ मध्ये कुपवाड सांगली-मिरजेसह महानगरपालिकेत गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तेथे नव्याने अभ्यास केला. ‘शब्दशः भाषांतर शक्य आहे’ या गाजलेल्या प्रतिपादनाची त्यांनी २०१६ च्या निबंधात चिकित्सा केली. सहकाऱ्यांचे उत्तर पाठ्यपुस्तकात गेले, तरी ते पुन्हा गावात नेऊन तपासावे लागते.

९/ ताम्रपट जमिनीखाली शतके टिकतो. बोलीचा पुरावा बोलणाऱ्यांबरोबरच नाहीसा होतो. कुपवाडची बोली वेळीच टिपली गेली, म्हणून आज तिची तुलना तरी करता येते. सीमेवरील ज्या गावांत कोणी वही घेऊन गेलेच नाही, त्यांच्या बोलीचा इतिहास आज केवळ तेथील वृद्धांच्या बोलण्यात उरला आहे.