जमिनीवरील जलतरण तलाव: पंप व गाळणयंत्राची निवड

जमिनीवरील जलतरण तलाव म्हणजे खोल खोदकाम न करता, सपाट जमिनीवर पोलाद, ॲल्युमिनियम किंवा कृत्रिम राळेच्या भिंती उभारून व आतून व्हिनाइलचे अस्तर लावून तयार केलेला तलाव होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे घरगुती वापरासाठी असे तलाव मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्यांतील पाणी वारंवार बदलले जात नाही. तेच पाणी पंपाने खेचून, गाळून व निर्जंतुक करून हंगामभर वापरले जाते. पंपाची निवड अनेकदा केवळ अश्वशक्ती पाहून केली जाते. प्रत्यक्षात तलावातील पाण्याचे घनफळ व गाळणयंत्राला पेलणारा प्रवाह हे निवडीचे मुख्य आधार होत.

रचना

तलावाच्या भिंतीत पाण्याच्या पातळीलगत बसवलेल्या स्किमरमधून पाणी आत घेतले जाते. स्किमरमधील टोपलीत पाने व कीटक अडकतात. पुढे पाणी पंपाच्या जाळीतून केंद्रोत्सारी पंपात, तेथून दाबाखाली गाळणयंत्रात व शेवटी परतीच्या नळीवाटे पुन्हा तलावात जाते. गाळणयंत्रावरील दाबमापकावरून त्यात साचलेल्या गाळाचा अंदाज येतो.

प्रवाहाची गणना

निवडीची पहिली पायरी म्हणजे तलावाचे घनफळ काढणे. वर्तुळाकार तलावासाठी ३.१४ × त्रिज्येचा वर्ग × पाण्याची खोली हे सूत्र वापरतात. २४ फूट, म्हणजे सुमारे ७.३ मीटर व्यासाच्या आणि १.२ मीटर खोल पाण्याच्या तलावात सुमारे ५० घनमीटर, म्हणजेच ५०,००० लिटर पाणी मावते.

तलावातील पाण्याइतके पाणी गाळणयंत्रातून जाण्यास लागणाऱ्या वेळेस आवर्तनकाल म्हणतात. घरगुती तलावासाठी तो सामान्यतः ८ तासांचा धरतात. त्यानुसार वरील तलावाला ताशी सुमारे ६.३ घनमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १०५ लिटर प्रवाह लागतो. गाळलेले पाणी न गाळलेल्या पाण्यात मिसळत राहत असल्याने एका आवर्तनात पाण्याचा प्रत्येक थेंब गाळला जात नाही.

गाळणयंत्राचे प्रकार

वाळूचे गाळणयंत्र: यात पाणी ठरावीक आकाराच्या वाळूच्या थरातून वरून खाली जाते व साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडतात. दाब स्वच्छ स्थितीपेक्षा ८ ते १० पौंड प्रति चौरस इंच वाढला की प्रवाह उलटा फिरवून वाळू धुतात. देखभाल सोपी असली, तरी प्रत्येक धुलाईत पाणी वाया जाते.

कार्ट्रिज गाळणयंत्र: यात पॉलिएस्टर कापडाची घडीदार नळकांडी असते. साधारण १० ते २० मायक्रॉनचे कण अडतात. उलट धुलाईची गरज नसते. नळकांडे बाहेर काढून पाण्याच्या झोताने धुतात. त्यामुळे पाणीटंचाईच्या प्रदेशात हा प्रकार सोयीचा ठरतो. मात्र कापड कालांतराने झिजते व नळकांडे बदलावे लागते.

डायाटमी मातीचे गाळणयंत्र: डायाटम या सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांपासून बनलेल्या चूर्णाचा थर जाळीवर बसवतात. ३ ते ५ मायक्रॉनपर्यंतचे कण अडत असल्याने पाणी सर्वांत नितळ मिळते. धुलाईनंतर दरवेळी नवे चूर्ण घालावे लागते. त्याची धूळ श्वसनास हानिकारक असल्याने ते हाताळताना मुखपट्टी वापरणे आवश्यक असते.

पंप व गाळणयंत्राचा मेळ

जलद वाळू गाळणयंत्रातून प्रति चौरस मीटर ताशी सुमारे ३७ ते ४९ घनमीटर पाणी जाऊ देतात. ४० घनमीटर हा दर धरल्यास वरील उदाहरणातील प्रवाहासाठी ०.१६ चौरस मीटर क्षेत्रफळाची, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर व्यासाची टाकी पुरते. त्याच टाकीला दुप्पट प्रवाहाचा पंप जोडल्यास पाणी वाळूत वाटा पाडून निघून जाते, अडलेला गाळ पुन्हा तलावात येतो आणि टाकी व जोडांवरील ताण वाढतो. याउलट पंप फार लहान असल्यास उलट धुलाईच्या वेळी वाळूचा थर पुरेसा उचलला जात नाही व गाळ आतच राहतो. म्हणून पंपाचा प्रवाह गाळणयंत्राच्या कमाल मर्यादेपेक्षा कमी, परंतु धुलाईसाठी पुरेसा असावा लागतो.

पंपाच्या वेष्टनावरील कमाल प्रवाह अत्यल्प रोध असतानाचा असतो. नळ्या, वळणे, झडपा व गाळणयंत्र यांच्या रोधामुळे प्रत्यक्ष प्रवाह घटतो. म्हणून उत्पादकाच्या आलेखावरून अपेक्षित रोधाला मिळणारा प्रवाह पाहतात.

जमिनीवरील तलावाचा पंप पाण्याच्या पातळीखाली असतो व त्यात पाणी आपोआप भरते. म्हणून हे पंप सहसा स्वयंभरण प्रकारचे नसतात. तेच पंप पातळीच्या वर बसवल्यास पाणी खेचू शकत नाहीत व कोरडे चालून त्यांचे सील खराब होते.

ऊर्जेचा वापर

केंद्रोत्सारी पंपाचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात, तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केल्यास प्रवाह निम्मा होतो, पण शक्ती तत्त्वतः एक अष्टमांश लागते. पंप दुप्पट वेळ चालवूनही ऊर्जा एक चतुर्थांश पुरते. मोटारीतील व्ययामुळे प्रत्यक्ष बचत काहीशी कमी असते. म्हणून परिवर्ती वेगाचे पंप किमतीला महाग असले, तरी दीर्घकाळ चालवण्यास स्वस्त पडतात. अमेरिकेत तलावाच्या पंपांसाठी ऊर्जाकार्यक्षमतेची संघीय मानके जुलै २०२१ पासून लागू झाली.

अमेरिकेत वीजपुरवठा ६० हर्ट्झचा, तर भारतात ५० हर्ट्झचा आहे. तेथील साधी प्रवर्तन मोटार भारतात योग्य व्होल्टतेवर चालवली, तरी तिचा वेग सुमारे एक षष्ठांशाने घटतो व त्यासोबत प्रवाहही कमी होतो.

सुरक्षितता

पाणी व वीज जवळजवळ असल्याने पंपाच्या मंडलात गळतीप्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण आवश्यक असते. पंप किंवा गाळणटाकी भिंतीला लागून ठेवल्यास लहान मुले तिच्यावर चढून तलावात उतरू शकतात. म्हणून ही उपकरणे भिंतीपासून दूर किंवा कुंपणाआड ठेवतात. शोषणमुखावरील तुटलेले झाकण बदलेपर्यंत पंप चालवू नये, कारण शोषणाने केस किंवा अवयव अडकण्याचा धोका असतो. गाळणयंत्र उघडण्यापूर्वी पंप बंद करून आतील दाब पूर्णपणे सोडावा लागतो.

मर्यादा

गाळणयंत्र निर्जंतुकीकरणाला पर्याय ठरत नाही. बहुतेक जिवाणू व विषाणू गाळणमाध्यमातून सहज निसटतात. त्यांचा नाश क्लोरिनसारख्या निर्जंतुकाने करावा लागतो. अतिसार घडवणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची ४ ते ६ मायक्रॉनची कोष्ठे क्लोरिनयुक्त पाण्यातही अनेक दिवस जगतात आणि वाळूच्या साध्या गाळणयंत्रात खात्रीने अडत नाहीत. म्हणून पाणी नितळ दिसणे म्हणजे ते सुरक्षित असणे नव्हे. अतिसार झालेल्या व्यक्तीने तलावात न उतरणे हाच यावरील प्रमुख प्रतिबंधक उपाय मानला जातो.