गळ्यातील चार दाणे

हाडे म्हणजे घराचे वासे; एकदा घातले की जन्मभर तसेच, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. जुने हाड विरघळविणाऱ्या पेशी आणि नवे घालणाऱ्या पेशी आपल्या अंगात रात्रंदिवस राबत असतात. त्यांचा अंमलदार बसतो गळ्यात, अवटु ग्रंथीच्या मागे, तांदळाच्या दाण्यांएवढ्या चार परावटु ग्रंथींत. रक्तातले कॅल्शियम उतरले की त्यांचा स्राव हाडांतून ते काढून आणतो.

या ग्रंथी शास्त्रज्ञांच्या नजरेस प्रथम पडल्या त्या माणसात नव्हे, तर आपल्याकडच्या गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक भारतीय गेंडा १८४९ मध्ये मेला. त्याच्या विच्छेदनात रिचर्ड ओवेन यांनी एक पिवळसर गोळी टिपून ठेवली. माणसातल्या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या सांडस्ट्रॉमने १८८० मध्ये केले. फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुढे व्हिएन्नात एर्डहाइम यांना हाडे मऊ पडलेल्या प्रेतांत या ग्रंथी वाढलेल्या दिसल्या. त्यांनी अनुमान काढले की, हाडे खचतात म्हणून ग्रंथी बिचारी जास्त राबते. तर्क सरळ होता, आणि पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत खराही होता. पण सगळ्यांच्या नव्हे. त्याच शहरात ट्रामचा एक कंडक्टर हाडांच्या वेदनांनी अंथरुणाला खिळला होता. शल्यवैद्य फेलिक्स मांड्ल यांनी गुरुवचन प्रमाण मानून, अपघातात मेलेल्या माणसाच्या ग्रंथी त्याच्या अंगात बसविल्या. गुण आला नाही. तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नेमके उलट केले: गळा उघडून वाढलेली ग्रंथी काढून टाकली. वेदना ओसरल्या, रोगी काठीच्या आधाराने चालू लागला. ज्याला ते औषध समजत होते, तेच दुखणे होते! काही वर्षांनी रोग उलटला, हेही सांगितले पाहिजे.

कॅप्टन चार्ल्स मार्टेल या अमेरिकन नाविकाची कथा याहून करुण. हाडे मोडत गेली, उंची सुमारे सात इंचांनी घटली. १९२६ पासून गळ्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. दोषी ग्रंथी सापडेना. स्वतः वाचून-अभ्यासून, छातीत शोधा असा आग्रह त्यानेच धरला, असे सांगतात. १९३२ मध्ये बॉस्टनला सातव्या खेपेस ती खरोखरच छातीत सापडली. परंतु फार उशीर झाला होता. मूत्रपिंडे खड्यांनी निकामी झाली होती. काही आठवड्यांतच कॅप्टन गेला.

आणि त्याच १९३२ साली हान्स सेल्ये यांनी दाखविले की, या ग्रंथीच्या अर्काची थोडी मात्रा दिली तर उंदरांत नवे हाड तयार होते! शोषक तोच, पोषकही तोच. याचा उलगडा व्हायला बराच काळ लागला. हुकूम पाडकाम करणाऱ्या पेशींना मिळतच नाही. मिळतो तो गवंड्याला. अधूनमधून मिळाला तर गवंडी भिंत घालतो. अष्टौप्रहर येत राहिला तर तो पाडकाम्यांना हाका मारू लागतो.

या स्रावाच्या रेणूत ८४ दुवे असतात. त्यांतले पहिले ३४ प्रयोगशाळेत घडवून केलेल्या टेरिपॅराटाइड या औषधाला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली. पाळी गेल्यानंतर हाडे विरळ झालेल्या स्त्रियांना ते रोज एकदा, अल्प प्रमाणात टोचतात. ते सामान्यतः दोन वर्षे देतात, आणि थांबविल्यावर हाडांची झीज रोखणारे दुसरे औषध सुरू करावे लागते. नाहीतर मिळविलेले हाड पुन्हा जाऊ लागते.